उतरवलेल्या माउथ ऑर्गनचा सूर पुन्हा पुन्हा का हलतो?

रविवारी दिवसभर बसून माउथ ऑर्गनच्या वीसही रीड, म्हणजे श्वासाने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या, नव्या पट्टीत उतरवाव्यात, रात्री प्रत्येक रीडवर ट्यूनरचा, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राचा, काटा मधोमध थांबलेला पाहून समाधानाने वाद्य डबीत ठेवावे, आणि आठवड्याने डबी उघडल्यावर एक रीड आठ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढलेली, दुसरी बारा सेंट उतरलेली आणि तिसरी नुसतीच घरघरणारी निघावी, हा अनुभव या छंदातल्या बहुतेकांना येतो. मग आपण पुन्हा कानस हातात घेतो, रीडच्या टोकावर वजन म्हणून ठेवलेला डाखाचा (सोल्डरचा) ठिपका थोडा वाढवतो किंवा थोडा घासतो, काटा पुन्हा मधोमध आणतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडते. माझी पहिली तीन वाद्ये अशीच निकामी झाली. त्यांचा सूर हलला म्हणून ती गेली नाहीत. मी दर आठवड्याला केलेल्या दुरुस्त्यांनी ती गेली. म्हणून हलणारा सूर दुरुस्त कसा करावा यापेक्षा तो का हलला हे कसे ओळखावे, यावरच येथे भर दिला आहे.

हे सारे विवेचन दहा भोकांच्या, पितळी रीड असलेल्या साध्या डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे स्वर देणाऱ्या माउथ ऑर्गनबद्दल आहे. नेहमीच्या बारा पट्ट्यांच्या संचात सर्वांत खालचे वाद्य जी पट्टीचे, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचचे असते. त्याखालची, खर्जातली वाद्ये परदेशी कंपन्या बनवतात, परंतु ती सोलापुरात दुकानात जाऊन हातात घेऊन पाहता येत नाहीत आणि मागवायची झाल्यास खिशाला जड जातात. त्यामुळे मी पांढरी पाचचेच वाद्य घेतो आणि ते कधी दोन अर्धस्वर उतरवून पांढरी चारला, तर कधी चार अर्धस्वर उतरवून काळी दोनला आणतो. पहिल्या भोकातली फुंकेची रीड मूळ वाद्यात सेकंदाला १९६ कंपने करते; ती पांढरी चारला १७४.६ आणि काळी दोनला १५५.६ कंपनांवर यावी लागते.

रीडचा सूर दोन मार्गांनी उतरतो. रिव्हेटजवळच्या मुळाशी ती थोडी खरवडून पातळ केली की तिचा ताठरपणा कमी होतो, आणि टोकावर वजन वाढवले की ती जड होऊन संथ हलते. मुळाशी खरवडणे एखाद्या अर्धस्वरापुरते ठीक आहे. त्यापुढे गेल्यास जेथे सर्वाधिक ताण येतो तेथेच आपण धातू कमी करत जातो. म्हणून खालच्या सहा-सात भोकांच्या लांब रीडवर मी डाखाचा ठिपका ठेवतो आणि वरच्या भोकांच्या आखूड, जाड रीड जपून खरवडतो.

हे ठिपके किती लहान असतात, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ त्यातच आहे. रीड १६ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि सरासरी ०.२ मिलिमीटर जाड धरली, तर तिचे वजन साधारण ५४ मिलिग्रॅम भरते. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीत टोकाच्या हिशेबाने त्या वजनाचा जेमतेम चौथा हिस्साच हलतो. त्यामुळे एक अर्धस्वर उतरवायला टोकावर सुमारे दीड मिलिग्रॅम आणि दोन अर्धस्वरांना सुमारे सव्वातीन मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या एखाद्या दाण्याइतके वजन पुरते. पाच सेंटचा फरक पडायला तर मिलिग्रॅमच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे खसखशीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी हलका कण पुरेसा आहे. थुंकीचा सूक्ष्म थेंब, कापसाचा तंतू, वाळलेल्या पाण्याचा पांढरा डाग, यांपैकी काहीही टोकाला चिकटले तरी ट्यूनर ते लगेच दाखवतो, आणि आपण मात्र दोष रीडला देतो.

आधी वही, मग कानस

सूर हलल्याचे लक्षात आल्यावर पहिले तीन-चार दिवस रीडला हात लावू नये. रोज एका ठरावीक वेळी वाद्य पाच मिनिटे हलके वाजवावे, मग वीसही रीडचे आकडे वहीत उतरवावेत आणि शेजारी खोलीचे तापमान लिहावे. हे कंटाळवाणे आहे हे मान्य; परंतु या चार दिवसांत जे कळते ते कितीही भिंगातून पाहून कळत नाही. आपल्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात: सगळ्या रीड मिळून हलल्या की एखादीच हलली, ती चढली की उतरली, आणि हळूहळू सरकली की एका दिवसात उडी मारली.

वहीचे पहिले पान खरे तर वाद्य उघडण्यापूर्वीच, मूळ पट्टीत असतानाच भरलेले असावे. अनेक वाद्यांत कारखान्यातूनच गंधार मुद्दाम थोडा उतरवलेला असतो, जेणेकरून तीन भोके एकत्र फुंकल्यावर स्वर एकमेकांत मिसळावेत. शुद्ध मिळणारा गंधार समान अंतराच्या पट्टीतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि कारखाने तो थोडा किंवा पूर्ण तितका उतरवतात. शिवाय अनेक वाद्ये पांढरी सहाचा (ए) प्रमाण स्वर ४४० ऐवजी ४४२ कंपनांच्या आसपास धरून लावलेली असतात. ही नोंद नसेल, तर दुसऱ्या आणि पाचव्या भोकातली फुंकेची रीड ट्यूनरवर खाली दिसते, आपण तिला दोषी ठरवतो आणि उत्तम लावलेला गंधार स्वहस्ते बिघडवतो.

ट्यूनरपेक्षाही भरवशाची एक कसोटी आहे. चार भोके तोंडात घेऊन मधली दोन जिभेने झाकली आणि हलके फुंकले, तर पहिली व चौथी रीड एकत्र वाजतात आणि त्यांच्यात बरोबर एका सप्तकाचे अंतर असते. दोन्ही सुरात असतील तर आवाज एकजीव, गुळगुळीत येतो; एखादी हलली असेल तर आवाजात लहर उठते. पांढरी चारच्या वाद्यात चौथ्या रीडची कंपने ३४९ आहेत, तेव्हा सेकंदाला एक लहर म्हणजे पाच सेंटचा फरक असा सोपा हिशेब बसतो. फुंकेच्या बाजूला दुसरी-पाचवी, तिसरी-सहावी अशा तीन-तीन भोकांच्या अंतराच्या जोड्या शेवटपर्यंत मिळतात. ओढीच्या, म्हणजे श्वास आत घेऊन वाजणाऱ्या, बाजूला पहिली-चौथी ही जोडी तशीच आहे, पण पुढे चौथी-आठवी, पाचवी-नववी, सहावी-दहावी असे अंतर एका भोकाने वाढते. ओढीची दुसरी आणि फुंकेची तिसरी रीड तर एकच स्वर देतात, त्यामुळे त्या एकमेकींच्या साक्षीदार ठरतात.

या कसोटीचे खरे मोल मला एका पेटी लावणाऱ्या काकांमुळे कळले. त्यांच्याकडे मी ओळीने मांडलेले आकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी वही न पाहताच विचारले, "जोड्या बिघडल्यात का सगळं मिळून सरकलंय?" मला सांगता येईना. "मग आधी ते बघ की. काट्याकडं काय बघत बसलास, लहर मोज." उष्णतेने किंवा थंडीने साऱ्या रीड जवळपास सारख्याच सरकतात, त्यामुळे सप्तकाच्या जोड्या शाबूत राहतात. जोडीत लहर उठली, तरच एखादी रीड एकटी हललेली असते.

सगळ्या रीड मिळून सरकल्या असतील तर

पितळ तापले की त्याचा ताठरपणा घटतो आणि सूर उतरतो. हे प्रमाण दर अंशाला सेंटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके पडते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सोलापूरच्या हवेत तो क्षुल्लक राहत नाही. जानेवारीत, इथल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे खोलीत सोळा-सतरा अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी पारा एकेचाळीस-बेचाळीसवर जातो. या पंचवीस अंशांच्या फरकाने वाद्य सबंध आठ सेंट खाली येते. जानेवारीत काटेकोर लावलेले माझे पांढरी चारचे वाद्य एप्रिलमध्ये ट्यूनरशी जुळेना, तेव्हा मी वीसपैकी अकरा रीड घासून वर आणल्या होत्या. जून उजाडला, पहिल्या पावसाने हवा उतरली, आणि त्या अकरा रीड इतर नऊ रीडच्या वर जाऊन बसल्या. जोड्या तपासल्या असत्या तर एकाही रीडला हात लावायची गरज नव्हती, कारण एप्रिलमध्ये सर्व जोड्या एकजीव होत्या.

हिवाळ्यात वाद्य सुरुवातीला चढे बोलते आणि श्वासाने ऊब आल्यावर दोन-तीन मिनिटांत बसते. मे महिन्याच्या दुपारी मात्र आपल्याकडे उलटाच प्रकार होतो. खोली श्वासाहून गरम असते, त्यामुळे वाजवता वाजवता रीड निवतात आणि सूर किंचित चढतो. उपाय सोपा आहे: सूर लावण्याचे काम उन्हाळ्यात सकाळी लवकर करावे, हिवाळ्यात वाद्य आधी पाच मिनिटे मुठीत धरून ऊब द्यावी, आणि वहीतले तापमान नेहमी साधारण सारखे राहील असे पाहावे.

याच कारणाचा दुसरा, अधिक फसवा अवतार म्हणजे ताज्या डाखानंतर लगेच घेतलेले माप. एकामागून एक आठ-दहा ठिपके ठेवले की रीडप्लेट, म्हणजे जिच्या खाचांवर रीड बसवलेल्या असतात ती पितळी पट्टी, चांगलीच तापते, आणि ती जाड असल्याने लवकर निवत नाही. रीड पंचेचाळीस अंशांवर असताना काटा मधोमध आणला, तर तीस अंशांवर ती पाच सेंट चढलेली दिसणारच. काल रात्री बरोबर होते आणि आज सकाळी सगळे चढले, या तक्रारीमागे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हेच असते. डाखाचे काम आणि सूर लावण्याचे काम एकाच बैठकीत करू नये. खरवडलेल्या रीडनाही एक-दोन दिवसांची विश्रांती द्यावी, कारण धातू खरवडल्यावर आणि वाकवल्यावर काही काळ दोन-तीन सेंट इकडेतिकडे करतच असतो.

श्वासाचा जोरही सूर हलवतो. जोराने फुंकल्यास किंवा ओढल्यास स्वर उतरतो, आणि वजन दिलेल्या खालच्या रीडवर हा परिणाम ठळक दिसतो. रात्री घरचे झोपले म्हणून कुजबुजत मोजलेला आकडा आणि सकाळी यंत्रमागांची खटखट सुरू झाल्यावर ट्यूनरला ऐकू जावे म्हणून छाती भरून वाजवलेला आकडा एकमेकांशी जुळणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, राहणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. मी आता फोन अगदी वाद्याला लागून ठेवतो आणि नेहमीच्या मध्यम जोरात मोजतो. नखाने छेडून आलेला सूर तर मुळीच धरू नये; तो वाजवलेल्या सुरापेक्षा चढा असतो.

एकच रीड एकाएकी चढली असेल तर

येथे संशय जवळपास नेहमी डाखावर घ्यावा. वजन गेले की सूर चढतो, आणि ठिपक्याचा एखादा टवका उडाला तरी मोठी उडी सहज दिसते. रीड चिमट्याने किंचित उचलून, खाली पांढरा कागद ठेवून, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ठिपक्याचा पाया पाहावा. पक्का डाख पितळेवर पसरत जाऊन कडेला पातळ होत संपतो, जणू तव्यावरचे धिरडे. कच्चा डाख मात्र अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल उभा असतो आणि त्याच्या पायाभोवती केसासारखी काळी रेघ दिसते. त्या रेघेत लाकडी टूथपिकचे टोक घालून हलकेच रेटले, तर तो अनेकदा आवाजही न करता सुटून येतो.

कच्च्या डाखाचे कारण बहुतेक वेळा जुन्या पितळेवरचा थर असते. वापरलेल्या रीडवर थुंकीतल्या क्षारांचा आणि ऑक्साइडचा थर असतो, तो डाखाला धातूपर्यंत पोचू देत नाही. टोकाचा दीड-दोन मिलिमीटर भाग ब्लेडच्या धारेने लांबीच्या दिशेने सोनेरी चकाकी येईपर्यंत खरवडावा, त्यावर राळेचा फ्लक्स (डाख धरायला मदत करणारा लेप) सुईच्या टोकाने लावावा, रीडखाली फीलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पातळ पोलादी पान सरकवावे, म्हणजे डाख खाचेत उतरत नाही, आणि मगच तापलेली टोकदार सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवावी. पोलादी पान सरकवायला मी एकदा विसरलो होतो. डाख रीडच्या खालच्या अंगाला गेला आणि रीड खाचेच्या कडेला चिकटून बसली. तो स्वर त्या वाद्यातून कायमचा गेला.

डाख कोणता वापरावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. हे वाद्य तोंडात धरायचे आहे, श्वास त्यावरून आत जाणार आहे, तेव्हा शिसे असलेला नेहमीचा डाख कितीही सोयीचा असला तरी येथे नको. मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात तो कथील आणि बिस्मथचा डाख १३८ अंशांना वितळतो, त्यामुळे रीडच्या मुळापर्यंत उष्णता पोचण्याआधीच काम उरकते. तो ठिसूळ असतो, हे खरे. पण टोकावरचा ठिपका वाकत नाही, वाकते ते मूळ, म्हणून ठिसूळपणाचा फारसा त्रास होत नाही. कथील आणि तांब्याचा शिसेविरहित डाख अधिक चिवट, मात्र त्याला २२७ अंश लागतात. पोलादी रीड असलेल्या वाद्यांवर राळेच्या फ्लक्सने यांतला कोणताही डाख धरत नाही; तेथे ही पद्धत सोडून द्यावी.

ठिपका कोठे बसतो हेही महत्त्वाचे आहे. रीड आणि खाच यांच्यात दोन्ही बाजूंना काही शतांश मिलिमीटरचीच मोकळीक असते. ठिपका कडेबाहेर गेला की रीड खाचेला घासू लागते. एका बाजूला झुकला, तर रीड वरखाली हलतानाच पिळवटते आणि मूळ स्वरात एक बारीक किंचाळी मिसळते, जी सूर हलल्यासारखीच भासते. म्हणून ठिपका मध्यरेषेवर, टोकापासून एखादा मिलिमीटर आत असावा.

वजन ठेवताना सूर मुद्दाम दहा-पंधरा सेंट जास्तच उतरवावा. मग वर आणण्यासाठी जे काही घासायचे ते ठिपक्यावरच घासता येते, आणि पितळेला कानस लागतच नाही. ही एक सवय लागल्यापासून माझ्या रीडचे आयुष्य कितीतरी वाढले.

एकच रीड हळूहळू उतरत असेल तर

उतरण्याची कारणे दोन जातींची आहेत. काहीतरी चिकटले असेल तर ते धुऊन निघते. मुळाशी चीर गेली असेल तर काहीच उरत नाही. आधी अर्थातच पहिली शक्यता तपासावी.

माझ्याकडचे सर्वांत लाजिरवाणे प्रकरण टॉवेलचे आहे. चादरी आणि टॉवेलांच्या गावात राहून मी नवे वाद्य कोऱ्या टेरी टॉवेलात गुंडाळून ठेवत असे. कोऱ्या टेरीचे फासे पहिल्या काही धुण्यांपर्यंत सारखे तंतू सोडतात, हे आमच्या घरातल्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. ओढीची तिसरी रीड तीन आठवड्यांत अठरा सेंट उतरली. मी दोनदा ठिपका घासून तिला वर आणले. तिसऱ्यांदा भिंगातून पाहिले, तेव्हा ठिपक्याच्या कडेला उरलेल्या चिकट राळेत कापसाचे चार-पाच तंतू रुतलेले दिसले, आणि त्यांवर थुंकी वाळून लहानसा पांढरट गोळा झाला होता. तो काढताच रीड वीस सेंट चढली, कारण मध्यंतरी मी ठिपकाच घासून टाकला होता. तेव्हापासून वाद्य जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात असते, आणि डाख झाल्यावर राळ आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने पूर्ण निघेपर्यंत मी पुढचे काम करत नाही.

पाणीही जपून वापरावे. रीडप्लेट बोअरच्या पाण्याने धुतली की वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर राहतो आणि वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे तेवढेच वजन सूर हलवायला पुरते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असते. शेवटचे धुणे त्याचे असावे.

टिनकाम करणाऱ्यांकडचे आम्लयुक्त फ्लक्स मात्र कधीही वापरू नये. त्याने डाख झटकन धरतो, आणि त्याच मोहाने मी ते एकदा वापरले होते. श्वासातल्या ओलाव्याने दोन आठवड्यांत ठिपक्याभोवती हिरवे कडे उमटले. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तीच ही गोष्ट. टोकावर कळंक जमला तर वजन वाढते, मुळाशी पोचला तर धातू खाल्ला जातो, आणि दोन्ही प्रकारांत सूर खालीच जातो. शिवाय तो कळंक श्वासाबरोबर तोंडात जातो, हे वेगळेच. अशी रीडप्लेट मी वाजवण्यासाठी पुन्हा वापरली नाही.

स्वच्छ धुऊन, वाळवून, दोन दिवस ठेवूनही रीड उतरतच राहिली, तर दुसरी शक्यता धरावी. चीर पडलेल्या रीडची वहीतली चाल ओळखू येते: चार, नऊ, सतरा, तीस, असा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि आकडा कधीही मागे फिरत नाही. उष्णतेने हललेली रीड परत येते, ओलाव्याने हललेली वाळल्यावर येते, चिरलेली येत नाही. ओढीच्या चौथ्या-पाचव्या रीड सर्वाधिक वापरल्या जात असल्याने तेथे हे आधी दिसते. रीडप्लेट खिडकीसमोर धरून रिव्हेटलगतचा भाग भिंगातून पाहावा. चीर बहुधा एका कडेपासून आडवी सुरू झालेली असते. नखाने छेडल्यावर शेजारची रीड टणत्कारते आणि ही ठक् करून थांबते.

अशा रीडचा ठिपका घासून सूर वर आणण्याचा मोह फार होतो, कारण ते काम दोन मिनिटांचे आहे आणि काटा आज्ञाधारकपणे मधोमध येतोही. परंतु तसे करून आपण फक्त तिची शेवटची सूचना पुसून टाकतो. माझी ओढीची चौथी रीड अशीच तीनदा वर आणली होती. ती भजनाच्या दुसऱ्या अभंगातच तुटली आणि तुकडा आत अडकून शेजारचे भोकही बंद पडले. मोडलेल्या जागी पाहिले, तर चीर बरोबर माझ्याच कानशीच्या आडव्या ओरखड्यातून निघाली होती. मुळाशी खरवडायचे असेल तर नेहमी लांबीच्या दिशेने, बारीक पॉलिश पेपरने, आणि शेवटी ओरखडे पुसट होईपर्यंत खरवडावे.

सूर हलल्यासारखा वाटतो, पण हललेला नसतो

वजन दिलेली रीड मोठा झोका घेते. तिच्या टोकाची प्लेटपासूनची उचल मूळ वाद्याइतकीच ठेवली, तर जोराने फुंकल्यावर ती दम खाते किंवा उशिरा बोलते, आणि त्या उशिरात स्वर खालून वर सरकल्यासारखा ऐकू येतो. उचल थोडी वाढवावी, पण ती वाढवल्याने सूरही दोन-तीन सेंट बदलतो, म्हणून उचल आधी आणि सूर नंतर हा क्रम मोडू नये. मी तो उलटा करत असे, आणि माझ्या दर आठवड्याच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच येत होत्या.

ओढीच्या रीड बाहेरच्या अंगाला, झाकणाच्या पत्र्याखाली असतात. ठिपका उंच झाला की तो जोराच्या ओढीत पत्र्याला लागतो आणि खडखड होते. झाकण काढून वाजवल्यावर खडखड थांबली तर हेच कारण. पत्रा आतून अंगठ्याने दाबून किंचित फुगवावा किंवा ठिपका बसका करावा. झाकण लावल्याने सूरही एखाददुसरा सेंट हलतो, तेव्हा शेवटचे माप झाकण लावूनच घ्यावे.

यात्रेत किंवा नव्या पेठेतल्या दुकानात मिळणारा माउथ ऑर्गन बहुधा चोवीस भोकांचा, थरथरत्या सुराचा असतो. त्यात प्रत्येक स्वराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन रीड असतात आणि थरथर ही त्यांच्यातली मुद्दाम ठेवलेली लहर असते, दोष नव्हे. तो उतरवायचा असेल, तर वरची ओळ चिकटपट्टीने झाकून खालची ओळ आधी पूर्ण लावावी, आणि मग वरची ओळ ट्यूनरने न लावता मूळ वाद्यातल्या थरथरीचा वेग कानाने मोजून लावावी. नवशिक्याने अठ्ठेचाळीस रीडच्या या वाद्यापासून सुरुवात करू नये, असे मला वाटते.

चिरलेली रीड बदलण्यासाठी त्याच कंपनीच्या, त्याच पट्टीच्या जुन्या वाद्याची रीडप्लेट राखून ठेवावी. रिव्हेट मागून ठोकून काढता येते, आणि घड्याळजीकडचा बारीक स्क्रू व नट लावून नवी रीड बसते. बसवताना ती खाचेच्या मधोमध आहे ना, हे उजेडासमोर धरून दोन्ही कडांना सारखी फट दिसते का यावरून पाहावे. स्क्रू घट्ट केल्यावर रीड नेहमी थोडी वळते, म्हणून आवळताना चिमटा तिच्या कडेला धरून ठेवावा. बदललेल्या रीडची नोंद वहीत नव्या रंगाच्या शाईने सुरू करावी. माझ्या काळी दोनच्या वाद्यात ओढीची चौथी अशी हिरव्या शाईतली आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून तिचा आकडा तीन सेंटच्या आतच खालीवर होतो आहे, त्यामुळे मी ते झाकण अजून उघडलेले नाही.